मूळ संहिता कोणती?

साहित्याच्या वर्गात 'संहिता' हा शब्द आपण मोठ्या निश्चिंतीने वापरतो. ती समोर असते, छापलेली असते, तिच्यावर लेखकाचे नाव असते. मग तिच्या आशयाविषयी आणि रूपाविषयी बोलायला आपण मोकळे होतो. ती कशी सिद्ध झाली, हा प्रश्न निघालाच तर तो प्राचीन वाङ्मयाच्या तासाला निघतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले, हेही सांगतो. पोथ्या गोळा करायच्या, लेखनिकांच्या हातून झालेले दोष आणि नंतर शिरलेली भर बाजूला काढायची आणि मागे मागे जात शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोहोचायचे, अशी ही शिस्त. वि. सी. सुखठणकरांनी 'मूळ' महाभारत हाती लागल्याचा दावा केला नाही. पोथ्या जितके मागे नेतील तितकेच आपल्याला जाता येते, अशी त्यांची भूमिका होती. तरीही प्रवासाची दिशा मागचीच होती. जुने ते अधिक विश्वसनीय.

मी ज्या व्यवसायात आहे तिथे ही दिशा नेमकी उलटी आहे. पटकथेचे पाठभेद पुढे पुढे जातात. पहिल्या खर्ड्याला कोणी विचारत नाही. शेवटचा खर्डा तेवढा प्रमाण, आणि तोही चित्रीकरण संपेपर्यंतच. त्यानंतर प्रमाण असतो तो चित्रपट. हॉलिवुडमध्ये चित्रीकरणाची संहिता निश्चित झाल्यावर बदललेली पाने निरनिराळ्या रंगांच्या कागदावर काढण्याची पद्धत रूढ झाली: आधी पांढरी, मग निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी. शेवटी हाती उरणाऱ्या बाडात कोणते पान कितव्यांदा बदलले ते नुसत्या रंगावरून कळते. पाठचिकित्सकाला याहून अधिक काय हवे? आपल्याकडे एवढी शिस्त नाही. आपल्याकडे फायलींची नावे असतात: 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नवीन', आणि मग काकुळतीला आल्यासारखे 'हीच वापरावी'.

मी एम.ए.ला मराठी घेतले, चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आणि आता वीसेक वर्षे चित्रपट आणि मालिकांसाठी लिहिते आहे. पूर्वीच्या एका सहकारी मैत्रिणीची विद्यार्थिनी पटकथेच्या वाङ्मयीन रूपावर प्रबंध लिहीत आहे. जिच्यावर अजून चित्रपटाची सावली पडलेली नाही अशी एखादी पटकथा तिला अभ्यासायची होती. म्हणून तिने माझ्या एका अचित्रित पटकथेची 'मूळ संहिता' मागितली. माझ्याजवळ त्या पटकथेचे नऊ खर्डे आहेत. त्यांपैकी कोणता द्यावा याचा विचार करताना जे सुचत गेले, ते इथे मांडते आहे.

त्या पटकथेचा विषय साधा आहे. तालुक्याच्या गावातला एक छापखाना, १९९५ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या विधानसभा निवडणुकीचे दिवस, आणि तिथे सत्तावीस वर्षे खिळे जुळवणारा एक माणूस. छापखान्याचा मालक एक साप्ताहिक चालवतो. मालक आणि जुळारी बालमित्र आहेत. निवडणुकीच्या तोंडावर मालक वारतो आणि त्याचा मृत्युलेख अर्थातच हाच जुळारी जुळवतो. गावात संगणकावर मजकूर करून देणारे पहिले दुकान उघडलेले आहे आणि जुळाऱ्याची बारावी झालेली मुलगी तिथे काम शिकते आहे. गोष्ट एवढीच. बी.ए.ला असताना आमच्या गावातल्या साप्ताहिकाची प्रुफे वाचून मी फीचे पैसे उभे करत असे. शाईचा आणि रॉकेलचा तो वास तेव्हापासून डोक्यात राहिला आहे.

ही पटकथा लिहीत असताना माझ्या टेबलावर आणखी दोन कामे होती आणि घर त्या दोहोंवर चालत होते. एक दैनंदिन मालिका. मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेये बहुधा स्वतंत्र येतात. मी तिसऱ्या श्रेयाची धनीण. संध्याकाळी दृश्यांचा आराखडा येतो, सकाळपर्यंत संवाद जावे लागतात. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि ते घसरले की पुढच्या पंधरवड्यासाठी लिहून ठेवलेले कथासूत्र शुक्रवारी बाजूला पडते. दुसरे काम एका चरित्रपटाचे. त्यात प्रमुख भूमिका करणाऱ्या नटाच्या तारखा मिळेपर्यंत ते काम वर्षभर थंड होते. तारखा मिळाल्या त्या दिवशी ते सर्वांत निकडीचे झाले.

'प्राधान्यक्रम' हा शब्द ऐकला की तो कोणीतरी विचारपूर्वक लावला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो लागतो नटांच्या तारखांवरून, पावसाळ्यावरून, मालिकेच्या प्रक्षेपणाच्या वेळेवरून, आणि पैसे घालणाऱ्याच्या मनाने त्या आठवड्यात काय घेतले आहे त्यावरून. कादंबरीकाराच्या वाट्यालाही व्यत्यय येतात. पण त्याची कादंबरी त्याच्याशिवाय दुसरे कोणी मागे ढकलत नाही. पटकथालेखकाच्या आतले घड्याळ आणि बाहेरचे घड्याळ यांचा मेळ क्वचितच बसतो. एखाद्या पात्राचा आवाज नुकता कानाला लागावा आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या गोष्टीतल्या सासूने काय बोलावे याचा फोन यावा, हा नित्याचा अनुभव.

यात भाषेचा प्रश्न मोठा आहे. मालिकेचा प्रेक्षक पोळ्या लाटता लाटता ऐकत असतो, त्यामुळे तिथे जे घडते ते बोलण्यातून कळावे लागते. छापखान्याच्या पटकथेतला माणूस दिवसभरात वीस वाक्ये बोलत असेल नसेल. रात्री अकराला पहिल्या लेखनातून उठून दुसऱ्याला बसायचे म्हणजे कान बदलून बसायचे. मालिकेच्या लेखनाकडे साहित्याच्या वर्तुळात ज्या नजरेने पाहिले जाते ती मला मान्य नाही. एका दृश्यात एकच गोष्ट घडवायची आणि ती घडल्यावर थांबायचे, हे मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने शिकवले नाही. ते रोजच्या संवादांनी शिकवले. पण त्या लेखनाची लय अंगात भिनते हेही खरे. तिसऱ्या खर्ड्यापर्यंत माझा जुळारी मधूनच स्वतःच्या दुःखाचा अर्थ समजावून सांगू लागे. ती मालिकेची वाक्ये होती. ओळखू आली की मी ती काढून टाकत असे.

आता अभिप्रायांविषयी. आमच्याकडे त्यांना 'नोट्स' म्हणतात. त्या दिग्दर्शकाच्या असतात, निर्मात्याच्या असतात, वाहिनीच्या किंवा ओटीटी कंपनीच्या प्रतिनिधीच्या असतात, कधी नटाच्या असतात. लेखकमंडळींच्या गप्पांत त्यांची टवाळी होते आणि पुष्कळदा ती न्याय्यही असते. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याला या नोट्सकडे आणखी एका दृष्टीने पाहता येईल. प्रत्येक नोट हे एक वाचन असते. तिच्यात दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात: वाचताना काय झाले याची साक्ष, आणि त्यावर काय करावे याचा सल्ला. वर्गात एखादी मुलगी म्हणते, ही कविता मला मध्येच सुटून गेली. ही साक्ष झाली. ती खोटी ठरवता येत नाही. तीच पुढे म्हणते की मधली दोन कडवी नसती तर बरे झाले असते. हा सल्ला झाला आणि त्याच्याशी वाद घालता येतो. आपण शिक्षक म्हणून पहिल्या वाक्याचा आदर करतो आणि दुसऱ्यावर चर्चा घडवतो. बैठकीत मात्र दोन्ही वाक्ये एका दमात येतात, बहुधा सल्लाच आधी येतो, आणि साक्ष आपल्याला खणून काढावी लागते.

शिवाय नोट कुठून येते तेही पाहावे लागते. "हे रात्रीचं दृश्य दिवसा करता येईल का?" ही नोट खर्चातून येते, तिला सरळ उत्तर द्यावे, तिच्यात सौंदर्यशास्त्र शोधू नये. "नायक जरा सक्रिय करा" ही पुस्तकांतून येते. सिड फील्ड यांचे 'स्क्रीनप्ले' १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्यातला तीन अंकांचा आराखडा आज आपल्याकडच्या बैठकींतही बोलला जातो, ते पुस्तक न उघडलेल्यांकडूनही. काही नोट्स भीतीतून येतात, काही आदल्या शुक्रवारी चाललेल्या चित्रपटातून. आणि थोड्या, फार थोड्या, खरोखर त्या पानातून येतात. सगळ्या सारख्याच आवाजात बोलल्या जातात, हीच अडचण.

माझ्या पटकथेतल्या एका दृश्याचे उदाहरण घेते, म्हणजे हे कोरडे राहणार नाही. खिळ्यांची छपाई ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. लहान छापखान्यात खिळ्यांचा साठा मोजका असे. देवनागरीला मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खण पुष्कळ लागत आणि एकेका खणात अक्षरे थोडीच असत. त्यामुळे एक मजकूर छापून झाला की तो मोडून प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकावा लागे. त्याशिवाय पुढचा मजकूर जुळवायला अक्षरे उरत नसत. पहिल्या तीन खर्ड्यांत माझा जुळारी रात्री एकटा बसून असे एक पान मोडतो, असे दृश्य होते. चार पानांचे, संवाद नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे.

या दृश्यावर तीन नोट्स आल्या. ओटीटी कंपनीची प्रतिनिधी, पंचविशीतली मुलगी, म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? इथे मी फोन बघायला लागले." निर्माते म्हणाले, "चार मिनिटं माणूस खिळे टाकतोय. याच्यावर मागून त्याच्या मनातलं बोलणं टाका." दिग्दर्शक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला हे दृश्य हवं आहे. का हवं आहे ते सांगता येत नाही."

त्या मुलीच्या वाक्याइतकी स्वच्छ नोट मला क्वचितच मिळाली असेल. त्यात सल्ला नव्हता, निव्वळ साक्ष होती. निर्मात्यांची नोट म्हणजे त्याच साक्षीवरचा एक उपाय होता, आणि तो मालिकेच्या जातीचा होता. मी विचार केला की तिचे लक्ष फोनकडे का गेले असेल. कारण उघड होते. जुळारी मोडत होता ते पान बाजारभावाचे आणि जाहीर नोटिसांचे होते. ते मोडल्याने कोणाचे काही जात नव्हते. चौथ्या खर्ड्यात मी पान बदलले. मालकाचा मृत्युलेख छापून झाला आहे, पण तेराव्याला पुन्हा छापायचा म्हणून तो दोऱ्याने बांधून तसाच ठेवला आहे. इतक्यात एका उमेदवाराचे पत्रक सकाळपर्यंत हवे म्हणून येते. पत्रकाला अक्षरे पुरत नाहीत. मृत्युलेख मोडावा लागतो. शिवाय निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार बंधनकारक आहे. म्हणजे पत्रकाच्या तळाशी छापखान्याचे नाव येणार. छापखाना मालकाच्या आडनावाचा. मित्राच्या मृत्युलेखातून सुटलेलीच अक्षरे त्याच्या आडनावासाठी पुन्हा जुळवली जाणार.

हा खर्डा मी एका निवृत्त जुळाऱ्यांना वाचून दाखवला. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, हात बरोबर लिहिलेत. डोळे कुठं आहेत त्याचे?"

मी म्हटले, "काका, म्हणजे कसं?"

"मोडताना वाचावं लागतं. शब्द वाचायचा, मग त्याची अक्षरं ज्याच्या त्याच्या खणात. न वाचता टाकत गेलं तर सगळ्या केसची वाट लागते. आम्ही जुळवताना एकदा वाचायचो अन् मोडताना एकदा."

म्हणजे मित्राचा मृत्युलेख मोडायचा तर तो शब्द शब्द करून शेवटचा वाचावा लागणार. वाचल्याशिवाय मोडता येणार नाही. हे कळल्यावर दृश्य आपोआप आटले. चार पानांचे पावणेदोन झाले. तो एक शब्द वाचतो, खिळे टाकतो, पुढचा शब्द वाचतो. एका ठिकाणी त्याचे ओठ हलतात. मागून बोलणे घालण्याची गरज उरली नाही, कारण तो काय वाचतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. ओटीटी कंपनीच्या त्या प्रतिनिधीने पाचवा खर्डा वाचून एका ओळीत कळवले की या वेळी फोन हातात घेतला नाही.

आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या कंपनीचे धोरण बदलले. प्रादेशिक भाषांतली कामे पुढे ढकलली गेली, ती मुलगी दुसरीकडे नोकरीला गेली, आणि माझा छापखाना पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आला. त्याच सुमारास चरित्रपटाच्या तारखा आल्या. पटकथा चौदा महिने फडताळात राहिली.

अशा वेळी मी एक चिठ्ठी लिहून त्या बाडाला लावून ठेवते. तिच्यात तीन नोंदी असतात. ही गोष्ट कोणाची. कशाला हात लावायचा नाही. कशाविषयी शंका आहे. काम परत वर येते तेव्हा मधल्या काळात आपण दुसरेच कोणी झालेले असतो, आणि आपला मजकूर परक्याचा वाटतो. त्या परकेपणाचा उपयोग होतो: लाडकी वाक्ये लाडकी राहत नाहीत, ती काढायला हात कचरत नाही. पण त्याच भरात जे काढू नये तेही जाऊ शकते. त्यासाठी दुसरी नोंद. छापखान्याच्या चिठ्ठीवर 'हात लावायचा नाही' या नोंदीपुढे मी चार गोष्टी लिहिल्या होत्या: तो त्या दृश्यात एकटा असावा, मजकूर मृत्युलेखाचाच असावा, तो वाचतो, आणि पटकथेचा शेवट. तो शेवट असा होता की निकालाच्या दिवशी गुलालाच्या गोंधळातून तो शेवटचा पगार घेऊन घरी जातो.

आपल्या चित्रपटांचा इतिहास पाहिला तर असे बदल नित्याचेच आहेत, फक्त त्यांची नोंद क्वचित राहते. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' (१९५५) केला तेव्हा रीतसर पूर्ण पटकथा नव्हती. रेखाटने आणि टिपणे होती. तिथे मूळ संहिता शोधू गेल्यास चित्रांच्या वह्या हाती येतात. 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेतून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, दिग्दर्शन गोविंद निहलानींचे. मराठीच्या वर्गात आपण कथा आणि चित्रपट शेजारी ठेवून 'माध्यमांतर' शिकवतो. मधली पटकथा, जिच्यात प्रत्यक्ष निर्णय झाले, ती बहुधा आपल्या समोर नसतेच. 'शोले'चे (१९७५) उदाहरण तर फार बोलके आहे. ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट लिहिला आणि चित्रितही झाला होता. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो बदलून पोलिसांना आणावे लागले. २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात जुन्या शेवटासह पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली. लेखकांच्या मनातला शेवट पन्नास वर्षांनी पडद्यावर आला खरा, पण ज्यांच्या दोन पिढ्या पोलिसांच्या शेवटावर वाढल्या त्यांच्या दृष्टीने पाठभेद कोणता आणि मूळ कोणते?

कायदा या प्रश्नाच्या एका अंगाचेच उत्तर देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीचा चित्रपटगृहाबाहेर जो वापर होईल त्याच्या स्वामित्वधनातला समान वाटा आता लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि ती अनेकांच्या झगड्यातून मिळाली आहे. पण करारात अजूनही बहुधा एक कलम असते: आवश्यक वाटल्यास निर्माता अन्य लेखकाकडून पुनर्लेखन करून घेऊ शकेल. प्रत्येक बैठकीत ते कलम न बोलता उपस्थित असते. 'नाही' म्हणण्याची किंमत त्यामुळे ठरलेली असते: दृश्य वाचवायला जावे आणि पटकथाच हातची जावी.

चौदा महिन्यांनी दुसऱ्या निर्मात्यांनी ही पटकथा घेतली, दिग्दर्शक तोच. सहा ते नऊ हे खर्डे त्यांच्यासोबतचे. पहिल्याच बैठकीत दिग्दर्शकाने चिठ्ठीवरच्या पहिल्या गोष्टीला हात घातला. त्याचे म्हणणे, मोडण्याच्या दृश्यात मुलगी दारात हवी. "तो वाचतोय हे कोणीतरी बघायला हवं," तो म्हणाला. मी आठवडाभर वाद घातला. मग तसे लिहून पाहिले. डबा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबते आणि आत न येता परत जाते. दृश्य पूर्वीपेक्षा खोल झाले होते. एकटेपणाला ज्याची गरज होती तो साक्षीदार त्याला मिळाला होता. चिठ्ठीवरची पहिली ओळ मी खोडली.

निर्मात्यांचा आक्षेप शेवटावर होता. त्यांना आशा हवी होती: मुलगी स्वतःचे संगणकाचे दुकान काढते, पाटीवर बापाचे नाव, बाप कृतार्थ. ही नोट बाजाराच्या भीतीतून आलेली होती हे उघडच होते, पण म्हणून ती असत्य ठरत नव्हती. खिळ्यांच्या छपाईतून संगणकाकडे गेलेली घरे मी पाहिलेली आहेत. माझी हरकत दुसरीच होती. त्या शेवटाने बापाचे नुकसान हे प्रगतीच्या वाटेवरचे एक स्थानक होऊन जात होते. मुलीची भरभराट त्याची भरपाई करत होती. भरपाई होत नाही, हीच तर गोष्ट होती. निर्मात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला पटतंय. पण दुकान पाहिजे." त्या कलमाची आठवण त्यांनी करून दिली नाही. त्याची गरजही नव्हती.

मी दुकान लिहायला बसले. चिठ्ठीवर आता तीन गोष्टी उरल्या होत्या, आणि शेवट ही त्यांतली एक. दुकानात बाप मुलीच्या शेजारी स्टुलावर बसला आहे. ती काय करते आहे? एखादा मजकूर गिऱ्हाइकाला देऊन झाला आहे आणि ती तो पुसते आहे. संगणकावर मजकूर पुसायचा तर सगळा एकदम निवडायचा आणि एक कळ दाबायची. आणि इथे मी थांबले. पुसण्यासाठी तो वाचावा लागत नाही. खिळ्यांत आणि पडद्यात हा फरक आहे, आणि तो त्या बापाइतका नेमका कोणाला कळणार? मुलगी कळ दाबते, पडदा पांढरा होतो. बाप विचारतो, "वाचलंस?"

नववा खर्डा या एका शब्दावर संपतो. निर्मात्यांना त्यांचे दुकान मिळाले आणि बाप-लेक एका बाकावर आले म्हणून ते समाधानी आहेत. दिग्दर्शकाला तो शेवट जड वाटतो, आणि म्हणूनच हवा आहे. चिठ्ठीवरची शेवटची ओळही मी खोडली. मजकूर मृत्युलेखाचा असावा आणि तो वाचतो, या दोनच गोष्टी उरल्या. आणि नीट पाहिले तर त्यांतही अटळ अशी एकच आहे.

पुनर्लेखनाविषयी मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. हात लावायचा नाही अशा गोष्टींची यादी प्रत्येक खर्ड्यागणिक आखूड होत जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ती माघार वाटते, आणि कित्येकदा ती माघार असतेही. पण यादी आखूड होताना जे उरते ते जर अधिक स्पष्ट होत असेल, तर लेखक आपले काम करतो आहे. ज्या लेखकाला सगळेच राखायचे असते त्याला काय राखायचे ते अजून कळलेले नसते. आणि ज्याला काहीच राखायचे नसते त्याच्याकडून कोणीही काहीही लिहून घेऊ शकतो. हट्ट धरावा, पण तो बैठकीला जाण्याआधी, एकांतात, आपला आपण ठरवलेला असावा.

त्या विद्यार्थिनीला मी नऊही खर्डे पाठवले, आलेल्या नोट्सच्या टिपणांसह, नावे गाळून. तिने कोणता पाठ प्रमाण मानावा हे मी सुचवलेले नाही. 'वाचलंस?' हा शब्द पहिल्या आठ खर्ड्यांत कुठेही नाही. त्याच्यामागे एका मुलीचा कंटाळा आहे, एका म्हाताऱ्याचा प्रश्न आहे, दारात कोणीतरी हवे हा दिग्दर्शकाचा आग्रह आहे, आणि निर्मात्यांचे दुकान आहे. तरी तो शब्द माझा आहे, असे मी म्हणेन. कोणत्या अर्थाने, हे तिने तिच्या प्रबंधात शोधावे. मागे जाऊन शुद्ध पाठ गाठण्याची आपली जुनी शिस्त तिथे पुरणार नाही. प्रत्येक बदलापाशी थांबून तो का झाला आणि कशाच्या बदल्यात झाला हे विचारणारी दुसरी शिस्त लागेल. मराठीच्या विभागांनी ती घडवायला घ्यावी असे मला मनापासून वाटते. अर्थात त्यासाठी आधी खर्डे जपून ठेवणारे लेखक लागतील आणि ते मागणारी ग्रंथालये.

तूर्तास छापखाना माझ्या टेबलावर दुसऱ्या क्रमांकावर आहे. येत्या सोमवारपासून मालिकेची वेळ बदलते आहे, त्यामुळे या आठवड्यात अठरा दृश्यांचे संवाद द्यायचे आहेत. निर्मात्यांची नवी नोट काल आली: "वाचलंस?" असे विचारल्यावर बापाने थोडे हसावे. दिग्दर्शकाला ते नको आहे. बाप हसला तर तो मुलीला क्षमा करतो. नाही हसला तर प्रश्न तिच्यापाशी राहतो. निर्मात्यांची साक्ष काय आहे ते मला अजून त्यांच्याकडून काढून घ्यायचे आहे. त्यांना तिथे भीती वाटली की मुलीची कीव आली, ते विचारायचे आहे. तोवर चिठ्ठीवरच्या तिसऱ्या नोंदीपुढे, शंकांच्या जागी, मी 'हसणे' एवढाच शब्द लिहून ठेवला आहे.